हितसंबंध असल्यास

बैठकीच्या खोलीच्या दाराला गोल मूठ होती. संधिवाताच्या रुग्णांना मत विचारायला बोलावलं होतं, आणि मूठ अशी की सुजलेल्या बोटांनी फिरता फिरेना! ती दोन्ही मनगटांत मूठ धरून झगडत होती, तेवढ्यात मागून एक हात पुढे आला.

"थांबा! आतल्यांनाच उघडू दे. कळू दे त्यांना," ती म्हणाली.

आणि तिने कोपराने दार दणदणा वाजवलं.

मागचा तरुण हसला. "मी आतल्यांपैकीच आहे. आकडेवारी बघतो."

"मग आधी चष्मा बघा. डावी दांडी सैल झालीय." चष्म्याच्या दुकानात काम करणारीची नजर ती!

नव्या औषधाची देशभर चाचणी होणार होती. सूज मोजणार, रक्त तपासणार, दुखणं विचारणार...

"आणि थकवा?" तिने विचारलं. "दुपारनंतर चष्म्याचा एवढासा स्क्रू लावताना मला रडू येतं. दुखतं म्हणून नाही, अंगात जीवच उरत नाही म्हणून."

"थकवा सगळ्यांनाच येतो, बाळ," मोठे डॉक्टर म्हणाले. "तो मोजायचा कसा?"

ते 'बाळ' तिला चांगलंच झोंबलं. "शिका की! मी शिकवते."

शिकायला आला तो आकडेवाला. दांडीचं निमित्त करून थेट दुकानात. शून्य म्हणजे ताजीतवानी, दहा म्हणजे चहाचा कपही उचलवत नाही, असं दोघांनी ठरवलं.

"आज किती?"

"सात."

"अरेरे... मग जातो मी."

"बसा. आता सहा."

"हे शास्त्रीय नाही हं!"

"मग उद्या येऊन पुन्हा मोजा."

तो उद्या आला. परवाही आला.

थकवा मोजायचा की नाही, या निर्णयाच्या बैठकीचा दिवस उजाडला. सुरुवातीला प्रत्येकाने आपले हितसंबंध सांगायचे, असा नियम. कुणाचे औषध कंपनीत शेअर आहेत का, कुणाचा मेहुणा तिथे नोकरीला आहे का... सगळे "नाहीत" म्हणून मोकळे झाले. आकडेवाला मात्र उभा राहिला. कान लालबुंद.

"माझे आहेत. माझं... यांच्यावर प्रेम आहे. आणि मी थकव्याच्या बाजूने बोलणार होतो, तेव्हा लपवणं बरं नाही."



मोठे डॉक्टर खाकरले. "मग बाईंना समिती सोडावी लागेल."

"मी का?" ती ताडकन उठली. "प्रेम त्यांना झालंय, आजार मला आहे! जायचं तर त्यांनी जावं. माझा स्वार्थ पहिल्या दिवसापासून उघड आहे: मला बरं व्हायचंय."

तो उठून बाहेर गेला. मग शेजारचे निवृत्त बसचालक, तेही रुग्णच, म्हणाले, "माझा थकवा आठ."

"माझा नऊ," कोपऱ्यातल्या आजी कडाडल्या. "आणि मला कुणी बाळ म्हणू नका!"

हास्याचा फवारा उडाला. मोठे डॉक्टरही हसले, आणि मतं घेतली तेव्हा हात वर करून थकव्याच्या बाजूने मोजले गेले.

बैठक संपल्यावर ती दाराशी आली. कुणीतरी मदतीला उठलं. "बसा," ती म्हणाली. दोन्ही मनगटं, एक हिसका... दार उघडलं.

तो बाहेरच उभा होता, चष्मा तिरका.

"काय झालं?"

"थकवा आत आला. तू बाहेर."

ते 'तू' ऐकून तो चष्मा सावरायलाही विसरला. तिने दांडी चाचपली. "ही मुद्दाम सैल करतोस ना?"

"...हो."

"पुढच्या वेळी आधी मला सांगायचं, मग समितीला." तिने चष्मा हलकेच सरळ केला. "आणि ऐक... माझेही आहेत."