कापलेले सेकंद

[कापलेलं : ००:०० ते ००:०६]

"हां… आता."

पाऊस तिरपा होता, फेरीबोट डुलत होती, आणि माझ्यापुढचा माणूस वरच्या डेकच्या लोखंडी जिन्यापाशी थबकला. त्याने नाकाने एक लांब श्वास घेतला, जिभेने टच्‌ असा बारीक आवाज केला आणि स्वतःशीच म्हणाला – हां… आता. मग चढायला लागला.

मी जागच्या जागी उभी. मागच्या आजींनी जर्मनमध्ये अगदी सभ्यपणे विचारलं, की बाई, तुम्ही चढणार आहात की इथेच राहायला आलात.

या माणसाला मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. पण हे सहा सेकंद मला पाठ होते.

[गाणं सुरू होण्याआधी]

आल्झो, म्हणजे इथल्या भाषेत 'तर मग', नीट सांगते.

मी उल्का. आखनच्या विद्यापीठात गिअरबॉक्सच्या आवाजावर पीएचडी करते. म्हणजे दिवसभर घरघर ऐकायची आणि चाकाचा नेमका कुठला दात कुरकुरतोय ते सांगायचं. तेवढ्याने कान भरत नाहीत म्हणून की काय, दीड वर्षापूर्वी मी 'महिना-गाणं' सुरू केलं. जर्मनीभर विखुरलेले सहा हौशी मराठी लोक. एक तारखेला मी विषय देते, आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी संध्याकाळी सहापर्यंत प्रत्येकाने गाणं पाठवायचं. शब्द स्वतःचे, चाल स्वतःची, रेकॉर्डिंग फोनवर. नंबर नाहीत, बक्षीस नाही. फोटो-व्हिडिओ तर अजिबात नाही, कारण चेहरा दिसणार म्हटलं की लोक गाणं सोडून केस नीट करत बसतात. सगळ्यांनी सगळ्यांची गाणी ऐकायची आणि प्रत्येकाला एक ओळ लिहायची. बस.

विषयही साधे. कुणीतरी उचलून कुंपणावर अडकवलेला एकटा हातमोजा. खालच्या मजल्यावरची शेजारीण. आंबट.

मी स्वतः गाणं लिहीत नव्हते. जमत नाही, असं मी ठरवून टाकलं होतं. माझं काम कापायचं. प्रत्येक फाईलच्या आधी आणि नंतर काहीतरी लोंबत असतं – "चालू झालं का रे?", खोकला, कुकरची शिट्टी, वाल्डॉर्फच्या नंदिनीताईंचं "अहो, दार लावा ना." ते सगळं छाटायचं आणि स्वच्छ गाणी ग्रुपवर टाकायची. छाटलेलं सगळं 'कापलेलं' नावाच्या फोल्डरमध्ये जायचं. महिना संपला की मी ते पुसून टाकायची.

एका माणसाचं सोडून.

सभासद क्रमांक पाच, यशोधन, हॅम्बर्ग. गाण्याआधी खुर्ची कुरकुरणार. लांब श्वास. टच्‌. "हां… आता." गाणं संपल्यावर चार-पाच सेकंद शांतता, आणि मग चोरी पकडली गेल्यासारखं हलकं हसू. अकरा महिन्यांची अकरा गाणी, त्यांची दोन्हीकडची टोकं, सगळं मिळून अडीच मिनिटं. रविवारी कापायची, आणि सोमवारी बसमध्ये इयरफोन लावून ऐकायची. बाहेर आखन ओलं होऊन सरकत असायचं आणि कानात एक माणूस कुणीच ऐकत नाहीये असं समजून श्वास घ्यायचा.

गाणी? गाणीही बरी असायची.

[००:०७ : गाणं सुरू]

वरच्या डेकवर तो कठड्याशी उभा होता. कानात पाणी गेल्यासारखा चेहरा, हातात पिशवी.

"यशोधन?" मी विचारलं.

तो वळला. "हो… आपण?"

"उल्का. महिना-गाणं."

त्याने आधी पिशवी सावरली, मग चष्मा. "पण तुम्ही मला ओळखलंत कसं?"

"आवाजावरून."

"मी तर काही बोललोच नाही."

"जिन्याशी बोललात."

त्याचे कान लाल झाले. इतके लाल, की त्या करड्या पाण्यावर तेवढाच एक रंग होता.

मी दोन दिवसांच्या मीटिंगसाठी हॅम्बर्गला आले होते आणि दुपार मोकळी होती म्हणून उगाच फेरीत बसले होते. तो मात्र घरी निघाला होता. त्याचा थांबा आला, गेला. परतीच्या फेरीत पुन्हा आला, पुन्हा गेला. दुसऱ्या फेरीत 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि ते आधी कुणी केलं यावर आमचं अजून एकमत नाही. तो मूळचा चिपळूणचा, काम विमानात खुर्च्या बसवायचं. म्हणजे तीनशे लोकांच्या खुर्च्या हलू नयेत याची काळजी घेणारा माणूस घरी मात्र कुरकुरत्या खुर्चीत बसून गात होता. मी हे बोलून दाखवलं. तो म्हणाला, घरची खुर्ची उडत नाही.

त्याच्या पिशवीत दालचिनीचा एक गोड पाव होता, हॅम्बर्गचं फ्रान्झब्रोटशेन. त्याने कडेकडेचं स्वतः खाल्लं आणि मधला मऊ, गोड, चिकट भाग न बोलता माझ्या हातावर ठेवला. मी तो पाहत राहिले… आणि घाबरले. अशा वेळी मी आगाऊपणा करते. ती माझी सवय आहे.

"तुझ्या फाईलीत गाण्यापेक्षा कचराच जास्त असतो," मी म्हटलं. "खुर्ची काय, श्वास काय, स्वगत काय. माझा अख्खा रविवार जातो कापण्यात."

तो हसला नाही. मान हलवून म्हणाला, "सॉरी. लक्षात ठेवतो."

मी हसले. तिथेच चुकले. इंजिनिअरला दोष सांगितला की तो घरी जाऊन दुरुस्त करतो, हे मला कळायला हवं होतं. मीही तीच जमात.

[००:०० : रिकामं]

मार्चचं गाणं आलं. मी खुर्चीत पाय वर घेऊन बसले, चहा जवळ घेतला, प्ले दाबलं – आणि पहिल्याच क्षणाला थेट गाणं.

श्वास नाही. खुर्ची नाही. शेवटचा सूर, आणि धाडकन शांतता.

खाली निरोप होता : दोन्ही बाजूंनी कापून पाठवलंय. आता तुझा रविवार मोकळा.

एप्रिलमध्येही तसंच. मे महिन्यात तर त्याने चांगला माइक आणला आणि खुर्चीला तेल दिलं. ही बातमी त्याने मला इतक्या आनंदाने सांगितली, की मी "अरे वा" म्हणाले आणि फोन ठेवून भांडी घासली. जी घासलेली होती.

एव्हाना दर बुधवारी त्याचा फोन यायचा. त्या फोनांची मी मंगळवारपासून वाट पाहायची. तो वरच्या मजल्यावरच्या बाईंच्या मांजराची नक्कल करायचा, मी आमच्या प्रोफेसरांच्या उठसूट 'गेनाऊ', म्हणजे 'अगदी बरोबर', म्हणण्याची. खूप हसायचो. मग ती अडीच मिनिटं कशाला हवीत, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर आवडलं नाही. फोनवर तो माझ्याशी बोलत असायचा. आवाज जरा विंचरलेला असायचा, जसा माझाही. त्या कापलेल्या सेकंदांत तो एकटा होता, आणि एकटा असताना कसा आहे ते मला ठाऊक होतं.

आणि मला ठाऊक आहे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

ही गोष्ट रुतायला लागली. कापू नकोस म्हणायचं तर का ते सांगावं लागणार, आणि सांगितलं तर… एखाद्या मुलीकडे आपल्या श्वासांचं फोल्डर आहे हे ऐकून माणूस काय करेल? मी असते तर दार लावून घेतलं असतं. प्रत्येक बुधवारी ठरवायची – आज सांगू. प्रत्येक बुधवारी मांजर मध्ये यायचं.

[जून. विषय : दोघांनी मिळून]

या वेळचा विषय नंदिनीताईंचा. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरणार आणि चिठ्ठ्या त्याच उचलणार. सहांपैकी एक, माझा घरसोबती मयुरेश, थीसिसमुळे या महिन्यात गाणार नव्हता, म्हणजे एक जण कमी. ताईंनी फोन केला. पन्नाशीच्या आहेत, सॉफ्टवेअरमध्ये टीम सांभाळतात, त्यामुळे विचारत नाहीत, वाटून देतात. "उल्का, बाळा, तू गायचंस. यशोधनबरोबर. या वेळी कापायचं काम माझ्याकडे." चिठ्ठी खरंच उचलली का, असं विचारायची माझी हिंमत झाली नाही.

शब्द आम्ही बुधवारच्या फोनवर जुळवले. जमत नाही असं ज्याला दीड वर्ष म्हणत होते, ते त्याच्यासोबत जमायला लागलं. एक ओळ तो, एक मी. गाणं होतं ट्रेनची वाट पाहणाऱ्या दोन माणसांचं, ज्यांना ट्रेन यायला नको आहे.

शेवटच्या रविवारी तो बारा वाजता यायचा होता, पावणेचारला आला. कोलोनला गाडी चुकली, पुढची रद्द झाली, तिसरी उशिरा. दारात भिजलेला, पाठीवर गिटार. म्हणाला, गाण्यावर संशोधन करत होतो.

सव्वापाचला स्वयंपाकघरात रेकॉर्डिंगला बसलो. खिडकीशी वाळत घातलेले कपडे, गॅलरीवर पावसाची टपटप, फोन लोणच्याच्या बरणीला टेकवलेला. मी पहिल्यांदा गात होते. दुसऱ्या कडव्यात माझा सूर घसरला. त्याने माझ्याकडे न पाहता आपला आवाज थोडा खाली आणला आणि मला उचलून घेतलं. एवढंच.

[०३:१२]

गाणं संपलं.

[०३:१३]

त्याचा हात फोनकडे गेला. मी तो धरला.

"थांब ना."

"चुकलं का काही?"

"नाही. गाण्यानंतरचं… मला ते हवं असतं."

[०३:२१]

मग मी सांगितलं. आधी हळू, मग भरभर, मध्ये कुठेच श्वास न घेता. फोल्डर, अकरा महिने, सोमवारची बस. फेरीवर मी ज्याला कचरा म्हणाले, तोच जपून ठेवलाय. त्याचा हात मी केव्हाच सोडला होता.

त्याने गिटार टेबलाला टेकवून ठेवली. मग म्हणाला, दाखव. मी लॅपटॉप उघडला. त्याने नोव्हेंबरची फाईल लावली. विषय 'आंबट'. गाणं संपल्यानंतरचे एकोणीस सेकंद, ज्यांत नेहमीचं हसू नाही. फ्रीजची घरघर, आणि शेवटी नाक पुसल्याचा आवाज.

"त्या दिवशी बाबांचं वर्षश्राद्ध होतं," तो म्हणाला. "चिपळूणला. मला जाता आलं नाही. गाणं त्यांच्या हातच्या कोकमाच्या साराचं होतं." थांबला. "आणि त्या संध्याकाळी तुझा मेसेज आला होता, जेवलात का म्हणून. मला वाटलं, सगळ्यांना विचारत असशील."

"कुणालाच नाही विचारलं. फक्त तुला."

मीच म्हटलं की पुसून टाकते, आत्ता, तुझ्यासमोर. मनात होतं, तो नको म्हणेल.

"पुस," तो म्हणाला.

अकरा फाईली. मी एकेक पुसली. प्रत्येक वेळी लॅपटॉप विचारायचा, नक्की का, आणि मी हो म्हणायची. आठव्या-नवव्याला स्क्रीन अंधुक दिसायला लागली. तो शेजारी बसून पाहत होता, एकही वाचवली नाही. मी ठरवलं, आता तो गिटार उचलेल, मी छत्री देईन, आणि मंगळवारी कशाचीच वाट पाहायची नाही.

"झालं," मी म्हटलं.

"बरं झालं." त्याने खुर्ची माझ्याकडे वळवली. "त्या सगळ्यात मी एकटा होतो, उल्का. तसं एकटं बसलेलं मला नकोय तुझ्याजवळ. यापुढे ऐकायचं असेल तर समोर बसून ऐक."

"आखनहून?" मी विचारलं.

"येत जाईन मी. कोलोनला गाडी चुकेल, पण येईन."

"आणि मी हसले तर? मध्येच काही बोलले तर?"

"मग ते गाण्यात राहील." तो वाकला. अगदी जवळ आला आणि थांबला, परवानगी मागितल्यासारखा. त्याच्या पापणीवर अजून पावसाचा एक थेंब होता. की पावसाचा नसेल. मी तो बोटाने टिपला… आणि उरलेलं अंतर मी संपवलं.

[१७:५७, हे घड्याळातलं]

सहाला तीन मिनिटं कमी. मी ओरडले, तो ओरडला, बरणी आडवी झाली. जी फाईल हाताला लागली ती नंदिनीताईंना पाठवून दिली. ऐकायला वेळ कुणाला होता.

दहा मिनिटांनी त्यांचा निरोप आला.

"फाईल मिळाली. छत्तीस मिनिटांची आहे. गाणं तीन मिनिटं बारा सेकंदांना संपतंय, असं दिसतं. पुढचं मी दहा सेकंद ऐकलं आणि इयरफोन काढून ह्यांना चहा टाकायला सांगितला. कुठून कापू, ते दोघांनी ठरवून कळवा."

मी तोंड ओढणीत लपवलं. यशोधनने माझ्या हातातून फोन घेतला आणि एका बोटाने, सावकाश, जपून लिहिलं : ताई, गाणं ग्रुपला. बाकीचं आमचं.

ताईंनी तसंच केलं. गाणं सात वाजता सगळ्यांकडे गेलं, आणि उरलेली बत्तीस मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद आमच्याकडे परत आली. फाईलीला त्यांनी नाव दिलं होतं : 'न ऐकलेलं, शपथ.'

आम्हीही अजून ऐकलेलं नाही. वेळच होत नाही.