अर्ध्या मजल्यावरची इंग्रजी

लिफ्ट धाडकन थांबली आणि माझ्या तोंडातला शब्द तोंडातच राहिला. वर परीक्षा, खाली जमीन, आणि मी मध्येच त्रिशंकू!

मी नर्स. मला परदेशी पेशंटच्या वॉर्डात जायचं होतं आणि त्यासाठी इंग्रजीची तोंडी परीक्षा द्यायची होती. दोनदा नापास झाले होते. ही शेवटची संधी. घरी शब्द घडाघडा म्हणायचे, पण परीक्षक बाईंनी नुसती मान वर केली की पाटी कोरी! आई म्हणायची, "तुझं पाठांतर म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी."

मी दार बडवलं. "कोणी आहे का?"

"आहे की! पण दाराला का मारताय? त्याचा काय दोष?"

वरच्या फटीतून दोन बूट दिसले. मग बूट सरकले आणि तिथे दोन डोळे आले... हसरे. "मी लिफ्टचा मेकॅनिक. घाबरलात?"

"थोड्या वेळात परीक्षा आहे माझी!" मी रडवेली झाले.

"मग करा अभ्यास. मोठ्यानं म्हणा, म्हणजे तुम्ही शुद्धीवर आहात हे मला कळेल."

काय हा आगाऊपणा! पण दुसरं करणार काय? "डिझी... म्हणजे चक्कर येणं. हा मेला कधीच लक्षात राहत नाही."

"चक्कर आल्यावर डोळ्यांना दिसतं का?"

"नाही."

"मग झालं! डिझी – दिसेना. पुढचा?"

मला हसूच आलं. "नम. लिहिताना शेवटी बी, नम्ब. म्हणजे बधिर."

"बधिर बोटाला कितीही फोन लावा, नंबर लागत नाही."

"इच. खाज."

"इच्छा म्हणजे तरी काय? मनाला सुटलेली खाज." डोळे क्षणभर माझ्यावर थांबले. "मलाही आत्ताच एक सुटलीय. दार उघडल्यावर सांगेन."

माझे कान तापले. "तुम्ही आधी लिफ्ट सोडवा हो! आणि हा शेवटचा – यर्न. ओढ लागणं... एखाद्यासाठी झुरणं."

"याचं काही सुचत नाही बुवा. कुणासाठी झुरलोच नाही अजून." मग आवाज कामाचा झाला. "वर जाऊन मेन स्विच बंद करतो आणि लिफ्ट हातानं खाली घेतो. दिवा जाईल. घाबरायचं नाही."

तो गेला. दिवाही गेला.

अंधारात माझाच श्वास मला मोठा वाटायला लागला. "अहो... ऐकताय ना?" लिफ्ट कर्रर्र करून हातभर खाली घसरली. "अहो!" पुन्हा हिसका. मग कसलं अहो आणि कसलं जाहो! "अरे, कुठे गेलास? ये रे... ये ना!"

"आलो, आलो!" खूप वरून आवाज आला.

थोड्या वेळानं दार उघडलं. समोर तो – धापा टाकत, नाकावर ग्रीसचा डाग. हात धरून त्यानं मला बाहेर घेतलं. "अहो-जाहो संपलं वाटतं?"

मी हात सोडवला आणि जिन्यानं वर पळाले. साधे आभारही मानले नाहीत.

परीक्षक बाई परीक्षेपुरत्या म्हाताऱ्या पेशंट झाल्या होत्या. डिझी म्हणाल्या, मला दिसेना आठवलं. नम म्हणाल्या, नंबर लागला! मग त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "आय यर्न फॉर होम..."

पाटी कोरी. बाईंचं पेन कागदावर टेकलं. मी डोळे मिटले. पुन्हा तोच अंधार, आणि त्या अंधारात मी कुणाला तरी हाका मारत होते...

यर्न. ये रे ना.

"आजी, घरची ओढ लागलीय का? कोणाला बोलावू?" मी इंग्रजीत विचारलं. बाईंनी मान वर केली, आणि चक्क हसल्या.

मी जिन्यानं धडधडत खाली आले. लिफ्ट चालू, तो गायब! बाहेर रस्त्यावर हेल्मेट घालून तो स्कूटर चालू करत होता.

"अरे!" मी ओरडले. अर्धा रस्ता वळला. तोही.

"पास?"

"पास. आणि तुझी ती खाज सांगायची राहिली."

"तू पुन्हा भेटावीस, एवढीच." त्यानं हेल्मेट काढलं. नाकावरचा डाग तसाच होता. "तो शेवटचा शब्द कसा काय आठवला?"

"यर्न..." माझा आवाज अडखळला. "ये रे ना."

तो बघतच राहिला. स्कूटर बंद पडली, तेही त्याला कळलं नाही. "हे... पाठ केलेलं म्हणतेयस?"

"पाठ केलेलं मला कधीच आठवत नाही. हवं तर आईला विचार."

"विचारतो की," तो हळूच म्हणाला. "कधी येऊ?"