आडव्या स्क्रीनवरचा ठिपका

ज्याला या थापा वाटतील त्याने खुशाल मानकोलीला जावं आणि त्या गोदामातल्या कुणालाही विचारावं. समोरचा तोंड फिरवून चालता होईल. घडलं ते खरं घडलं, दिवाळीच्या आधीच्या शनिवारी, आणि तेही भर दुपारी. भुतांना अंधारच लागतो म्हणणाऱ्यांना एकदा करिष्मासमोर नेऊन बसवा.

करिष्मा खारबावची. कल्याण नाक्यावरच्या एका छोट्या ऑफिसात मोबाईलची ॲप बनवते. मानकोलीच्या त्या गोदामाचं ॲपही तिचंच. फोनवर गोदामाचा नकाशा आणि प्रत्येक कामगाराच्या कमरेला टॅग. माणूस चालला की नकाशावर त्याच्या नावाचा ठिपका चालतो.

तिचा धाकटा भाऊ कुणाल तिथेच फोर्कलिफ्ट चालवायचा. नोकरी तिनेच लावून दिलेली.

आणि तिथेच दसऱ्याच्या सुमारास हिरामण मेला. हातट्रॉली ओढणारा, अगदी गरीब गाय माणूस. वरच्या रॅकवरून खोक्यांनी लादलेलं अख्खं लाकडी पॅलेट अंगावर आलं. सगळ्यांना सांगितलं, मशीन बिघडलं. मशीनला काय धाड भरली होती? कुणाल फोर्कलिफ्टने माल चढवता चढवता रील बघत होता! घरी येऊन बहिणीच्या मांडीत तोंड खुपसून रडला, आणि बहीण म्हणाली, "गप र्‍हा. कोनाला बोलू नको."

दोघं गप राहिले.

शनिवारी दुपारी सुपरवायझर जीवनचा करिष्माला फोन आला.

"मॅडम, फोन उभा धरला की सगळं बरोबर. आडवा केला की सगळे ठिपके एका बाजूला गोळा होतात. जरा लवकर बघा, सेलचा माल आहे."

करिष्माने कपाळावर हात मारला. चूक अगदी नवशिक्याची होती. फोन आडवा झाला की स्क्रीनची रुंदी बदलते, मग प्रत्येक ठिपक्याची जागा नव्याने मोजावी लागते. तिचं ॲप स्क्रीन पुरती फिरायच्या आधीच मोजून मोकळं होत होतं. जुन्याच रुंदीने.

तिने स्वतःचा फोन आडवा केला. ठिपके डावीकडे गोळा झाले.

त्यातला एक…

बिननावाचा होता.

फोन उभा केला. तो नाही.

आडवा केला… आहे.

तिने त्याच्यावर बोट ठेवलं. नाव नाही, टॅग नाही. ठिपका भिंतीपर्यंत जायचा, अडायचा, मागे यायचा. परत भिंत.

तेवढ्यात कुणालचा फोन. नकाशा समोर ठेवूनच तिने तो स्पीकरवर घेतला.

"ताय, जेवलीस का? इथं डोक्याला ताप झालाय. सकाळपासून भिंतीला पलीकडनं कोनतरी धडका देतंय."

"पलीकडं कोन हाय?"

"कोन न्हाय गं. पलीकडं नुसती दलदल."

तिच्यासमोर ठिपका भिंतीला लागला, आणि फोनमधून आवाज आला…

धप्.

ठिपका मागे सरकला. परत लागला.

धप्.

आणि त्यामागे बारीक… कर्र… कर्र… तेल न घातलेल्या चाकाचा.

दुसरी कुणी असती तर फोन टाकून देवघराकडे पळाली असती. पण शिकलेली पोरगी, तिला भुताच्या आधी कोडमधली चूक आठवते. कुठेतरी जुनी नोंद अडकली असेल, जागा नीट मोजल्या की जाईल निघून. कुणालचा फोन चालू ठेवूनच तिने दुरुस्ती केली. आधी स्क्रीन पूर्ण फिरू द्यायची, मगच मोजायचं.

फोन आडवा केला. सगळे ठिपके स्क्रीनभर पसरले, ज्याचा तो आपापल्या जागी.

तोही.

"ताय, थांबला बघ आवाज!" कुणाल हसला.

बिननावाचा ठिपका भिंतीपासून वळला… आणि चालू लागला. सरळ. एकही वळण न चुकता. कुणालच्या ठिपक्याकडे.

तेव्हा तिच्या टाळक्यात उजेड पडला. तो तिच्या नकाशावरून चालत होता. तिच्या चुकीने त्याला भिंतीशी अडकवून ठेवलं होतं, आणि आता तिनेच त्याला रस्ता दाखवला होता.

"कुणाल, पळ! बाहेर पळ आधी!"

"काय झालं गं?"

कर्र… कर्र… कर्र…

"ताय… ही ट्रॉली तर…"

घाबरून तिने फोन उभा केला. ठिपका गेला. आई शप्पथ, तिला वाटलं सुटलो!

"न्हाय तो! गेला बघ, कुणाल!"

पण कुणालच्या समोर स्क्रीन नव्हती.

तो कसा ओरडला ते ती आजही कुणाला सांगत नाही. जीवन धावत गेला तेव्हा कुणाल रॅकखाली चिरडून पडला होता. छाती सपाट. आणि अंगावर… काहीच नाही. वरचा रॅक सकाळपासून रिकामा होता.

गोदामाने ॲप बंद केलं, टॅग परत घेतले. करिष्माच्या फोनवर मात्र ते चालूच आहे. तिने ती जुनी चूकही परत घालून पाहिली. काही उपयोग नाही. हिरामणला रस्ता पाठ झालाय.

आता संध्याकाळी दिवा लावला की आई, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, पदराला हात पुसत येऊन बसते. एकदा तिने करिष्माच्या फोनवर कुणालच्या नावाचा ठिपका चुकून पाहिला होता, तेव्हापासून रोजचंच.

"फोन आडवा कर गो. पोराला बघू दे."

करिष्मा फोन आडवा करते. एक ठिपका या गल्लीतून त्या गल्लीत जीव घेऊन धावत असतो. मागे दुसरा, सावकाश, न थांबता.

"कवरा धावतंय माझं लेकरू! आनि तो मागचा कोन? दोस्त हाय का त्याचा?"

"हो, आक्का."

"बरा झाला बाय. एकटा न्हाय मंग."

मागचा पुढच्याला गाठतो. दोन ठिपक्यांचा एक होतो, थरथरतो… आणि थोड्या वेळाने पुढचा सुटून परत पळायला लागतो.

आक्का काचेवरून बोट फिरवते, डोळे पुसते आणि हसते.

"भेटले बघ दोगं! परत लाव गो… परत एकदा भेटू दे."