गाडी गार असताना या

"लाथ मारून काही कळत नाही हो मॅडम. टायरला फक्त दुखतं."

मी दचकून पाय मागे घेतला. जुन्या गाड्यांच्या त्या यार्डात बाकीचे पुरुष करत होते म्हणून मीही एका निळ्या डिझेल गाडीला लाथ मारून पाहिली होती. मागे एक मेकॅनिक उभा होता. पन्नाशीचा, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, खिशात टॉर्च. दुसऱ्याच कुणाची गाडी तपासायला आला होता, पण न विचारता त्यानं माझ्या निळ्या गाडीच्या बॉनेटवर तळहात ठेवला आणि मान हलवली.

"गरम आहे. एजंटनं आधीच चालू करून ठेवलीय. डिझेल गाडी गार असताना बघावी. पहिल्या स्टार्टला तिचं काय दुखतंय ते सगळं कळतं... धूर, आवाज, थरथर. एकदा तापली की सगळ्याच गाड्या शहाण्या."

"म्हणजे उपाशीपोटी रक्त तपासतात तसं," मी म्हटलं. मी लॅबमध्ये रक्त काढते; वीस वर्षं तेच करतेय.

तो मोकळं हसला. "अगदी! ही चहा पिऊन आलीय. उद्या सकाळी आठला या, मी बघून देतो."

गाडी लेकीसाठी हवी होती. ती जनावरांची डॉक्टर झाली होती आणि पहिली नोकरी मिळाली होती तीन तासांवरच्या गावात. सोमवारी हजर व्हायचं, मग रोज गोठ्यागोठ्यांतून शंभरेक किलोमीटर फिरायचं, म्हणून डिझेल. तिचे वडील जाऊन बारा वर्षं झाली. त्यामुळे ब्रेक, टायर, अंधारे रस्ते, सगळ्याचा घोर माझ्या एकटीला. "आई, तू काळजी करण्यात पीएचडी केलीयेस," असं ती म्हणते, आणि ते खोटं नाही.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, गाडी पुन्हा गरम! एजंट ओशाळला. "सवय हो... उठलो की सगळ्या गाड्या एकदा चालू करून बघतो. उद्या हिला हात लावणार नाही."

मग मेकॅनिकनं आणि मी बाकावर बसून चहा घेतला. त्याची बायको सात वर्षांपूर्वी गेली होती. "घरी बोलायला कुणी नाही, म्हणून इंजिनांशी बोलतो," तो म्हणाला. "तीही उलटच बोलतात." मी इतकी हसले की चहा सांडला. त्यानं खिशातला रुमाल पुढे केला, त्यावर ग्रीसचे डाग बघून परत खिशात घातला, आणि आम्ही पुन्हा हसलो. कितीतरी वर्षांत मी अशी हसले नव्हते.

घरी आले आणि धडकीच भरली. उद्या गाडी गार असणार. उद्या ती घेतली जाणार, रविवारी लेक निघून जाणार, आणि हा माणूस... याला मी परत कुठल्या निमित्तानं भेटणार?

शनिवारी सकाळी सात वाजता मी एजंटला फोन केला. "गाडी जरा चालू करून ठेवाल का? आणि... त्यांना सांगू नका."

आठ वाजता झिमझिम पाऊस होता. निळ्या बॉनेटवर पडलेले थेंब बघता बघता वाळत होते. मेकॅनिकला हात लावायचीही गरज पडली नाही. तो एजंटकडे वळला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते.

"तीनदा? काहीतरी लपवताय तुम्ही. मॅडम, सोडा ही गाडी! लेकीला हिच्यात बसवायचं नाही."

एजंटनं माझ्याकडे पाहिलं. बिचाऱ्यानं माझं नाव घेतलं नाही. "बघा बुवा," तो पुटपुटला, "चारला दुसरं गिऱ्हाईक येतंय. ते घेतील."

चांगली गाडी हातची जात होती, लेक सोमवारी काय करणार होती? आणि एका भल्या माणसावर माझ्यामुळे आळ येत होता.

"त्यांनी नाही... मी सांगितलं होतं तापवायला."

"तुम्ही? का?"

एजंटला अचानक लांबच्या एका गाडीची काच पुसायची आठवण झाली.

"कारण गार असती तर आज सगळं संपलं असतं. लेक जाणार, आणि तुम्हीही परत कशाला भेटाल? मला तुम्ही आवडता. या वयात, टायरच्या ढिगाशेजारी उभं राहून हे सांगायची लाज वाटतेय. पण तुमच्याशी खोटं वागले, त्याची जास्त वाटतेय."

त्यानं गाडीत वाकून गिअर काढला, ब्रेक सोडला. "ढकला," एवढंच म्हणाला. आम्ही दोघांनी गाडी ढकलत पत्र्याच्या शेडखाली नेली. त्यानं बॉनेट उघडलं.

"साडेतीनपर्यंत बरीच गार होईल."

"तुम्ही... थांबणार?"

"थांबायलाच हवं. तुमचा काही भरवसा नाही, परत कुणाला तरी फोन कराल."

चेहरा गंभीर! थट्टा की राग, कळेना. मी लॅबला सुट्टी कळवली. सात तास आम्ही त्या बाकावर बसलो. पावसाबद्दल बोललो, लेकीच्या पगाराबद्दल, गायींबद्दल... मी जे बोलले होते त्याबद्दल तो अवाक्षर काढेना. माझा जीव टांगणीला लागला होता.

साडेतीनला त्यानं माझा हात धरला आणि अलगद इंजिनावर ठेवला. "बघा, तुम्हीच बघा."

इंजिन गार होतं. माझाच हात तेवढा तापला होता.

"बसा आत. किल्ली फिरवा, मी मागून धूर बघतो."

मी श्वास रोखून किल्ली फिरवली. गाडी एकदा कुरकुरली... आणि सुरू झाली. आरशात तो मागे उकिडवा बसलेला दिसत होता. किती वेळ बसला होता, देव जाणे! मग उठला आणि हसला.

"धूर नाही, खडखड नाही. बिनधास्त पाठवा लेकीला."

माझा जीव भांड्यात पडला, आणि लगेच डोळे भरून आले. झालं, संपलं.

तो खिडकीशी येऊन उभा राहिला. स्वच्छ झालेले हात उगाच पुसत राहिला.

"लेकीला भेटायला कशा जाल?"

"बसनं. दोन बदलाव्या लागतात."

"माझी गाडी आहे. जुनीच. रविवारी मी नेत जाईन तुम्हाला."

"दर रविवारी? ती कंटाळेल की."

"मग तिला न सांगता दुसरीकडे जाऊ."

मी लगेच काळजीला लागले. "आणि तुमची गाडी वाटेत बंद पडली तर?"

"तर उशीर होईल." सकाळपासून पहिल्यांदाच त्यानं थेट माझ्या डोळ्यांत पाहिलं. "चालेल?"

"चालेल," मी म्हटलं.