कोणी मागे राहू नका

मी गाडी चालवतो. डोंगरातल्या कुस्को शहरात पर्यटकांना घेऊन फिरतो, वीस वर्षं झाली. मला गोष्टी रचता येत नाहीत. आल्या असत्या तरी स्वतःच्या मावसबहिणीच्या लेकरावर रचल्या नसत्या. कोणाला हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

ऑगस्टचा पहिला गुरुवार होता. दुपारचे चार वाजले होते. रात्र नव्हती, वारा नव्हता, चांगलं लख्ख ऊन पडलं होतं.

जागा म्हणजे सान ब्लास या जुन्या वस्तीच्या चढावरचं चार दारांचं घर. खालच्या भिंती इन्कांच्या, वरचा मजला स्पॅनिश लोकांचा. अशी घरं आमच्याकडे गल्लोगल्ली आहेत. पण या घरात दोन भिंतींच्या मधे एक बोळ आहे, जेमतेम दहा पावलांचा. काळे दगड असे घट्ट बसवलेत की सुई शिरणार नाही. बोळाच्या शेवटी एक दार आहे, दगडांनी बुजवलेलं. ते कोणी बुजवलं, का बुजवलं, कोणालाच नीट ठाऊक नाही. गाइड लोक काहीबाही सांगून वेळ मारून नेतात.

माझी मावसबहीण मारलेनी त्यांतलीच एक. अकरा वर्षं गाइडचं काम करतेय. हातात काठी, काठीला लाल लोकरीचा गोंडा. प्रत्येक ठिकाणाहून निघताना गोंडा उंच धरायचा आणि एकच वाक्य म्हणायचं.

"चला, सगळे चला. कोणी मागे राहू नका."

झोपेतही हेच बडबडायची. मी तिला चिडवायचो, की तू मेल्यावर शवपेटीतूनसुद्धा हेच ओरडशील. ती म्हणायची, तेव्हा गाडी तूच चालव, म्हणजे निदान वेळेत पोचणार नाही.

शाळेला सुट्टी होती, म्हणून त्या दिवशी तिची सात वर्षांची नाइदा बरोबर होती. नवरा लिमाला निघून गेलेला. पोरीला ठेवणार कुठे?

पण ऑगस्ट होता. ऑगस्टात आमच्याकडे जमीन उघडी असते. भुकेली असते. लेकरांना या महिन्यात जुन्या जागी नेत नाहीत, भुईवर बसू देत नाहीत. मी तिला तसं म्हणालोही.

"मग महिनाभर काय खिशात घालून फिरू तिला?" मारलेनी म्हणाली.

मी गप्प बसलो. आजही मनाला लागतं की मी गप्प बसलो.

चार दारांचं घर बघून झालं. मारलेनीने गोंडा उंच केला, पाहुण्यांना खाली आणलं, गाडीत चढताना एकेक डोकं मोजलं. चौदा. बरोबर चौदा. मी गाडी सुरू केली.

मग तिने मागच्या सीटकडे पाहिलं...

पोर नव्हती.

पाहुणे मोजायची सवय अकरा वर्षांची. पोरीला मोजायची सवयच नव्हती.

मारलेनी चढावर धावत सुटली. तोवर तिथल्या वॉचमनने बोळाचा दिवा मालवून तोंडाच्या दाराला बाहेरून कडी घातली होती. बिचाऱ्याची काही चूक नव्हती, त्याला वाटलं सगळे गेले. जेमतेम दहा मिनिटं झाली असतील.

कडी काढली. दिवा लावला.

नाइदा बोळाच्या टोकाला, त्या बुजवलेल्या दाराला पाठ लावून भुईवर बसली होती. रडत नव्हती. आईने उचलून घेतलं तरी तिच्या गळ्यात हात टाकला नाही. डोळे उघडे होते, पण नजर कशावरच ठरत नव्हती.

त्या दिवसापासून पोर जेवेना. बोलेना. रात्रभर डोळे टक्क उघडे. दवाखान्यात नेलं, रक्त तपासलं, डॉक्टर म्हणाले सगळं ठीक आहे, घाबरलीय. ठीक कसलं? चार दिवसांत हाताच्या काड्या झाल्या.

मारलेनीचा सगळा शिकलेपणा गळून पडला. रविवारी ती सान पेद्रोच्या बाजारात गेली आणि पाला-मुळ्या विकणाऱ्या फिदेन्सिया मावशीला घरी घेऊन आली.

मावशीने पोरीचं मनगट हातात धरलं. बराच वेळ धरून बसली.

"ही इथे नाहीये," ती म्हणाली.

तिला काय म्हणायचंय ते आम्हा दोघांनाही कळलं. लेकरू फार घाबरलं की त्याचा जीव जिथल्या तिथे सांडतो. शरीर तेवढं घरी येतं. मग आईने जायचं, मंगळवारी नाहीतर शुक्रवारी, तिन्हीसांजेला. लेकराचा अंगातला कपडा घ्यायचा, त्या जागी उभं राहून हाक मारायची आणि मागे न बघता चालत घरी यायचं. कपडा लेकराच्या अंगात घातला की झालं. मलाही लहानपणी असंच आणलंय, नदीवरून. यात आम्हाला नवल वाटत नाही.

"नाव घ्यायचं आणि हाम्पुय म्हणायचं," मावशीने बजावलं. "घरी परत ये, एवढंच. वर एक शब्द बोलायचा नाही."

मंगळवारी संध्याकाळी वॉचमनने घर बंद झाल्यावर मारलेनीला दहा मिनिटं दिली. मी पोरीपाशी बसलो होतो. तिथे काय झालं ते मारलेनीने मला नंतर सांगितलं. एकदाच सांगितलं.

ती बोळात टोकापर्यंत गेली. नाइदाचा पिवळा स्वेटर दोन्ही हातांत धरला.

"नाइदा, हाम्पुय."

काही नाही.

"नाइदा, हाम्पुय."

काही नाही. वॉचमन बाहेर खोकला, तेवढंच.

तिसऱ्यांदा हाक मारताना तिचा आवाज फाटला. लेकराची शपथ घालावी तशी तिने हाक मारली...

आणि स्वेटर जड झाला.

थोडाच. ओला कपडा असतो तेवढा. मारलेनीचा जीव भांड्यात पडला. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. आपलं लेकरू आपल्या हातात आलं, एवढंच तिला कळत होतं. ती वळली, बोळाच्या तोंडाशी आली. स्वेटर धरलेला हात वर गेला. रोज गोंड्याचा जातो, तसाच. आणि अकरा वर्षं त्याच उंबऱ्यावर म्हटलेलं वाक्य तोंडातून निघून गेलं.

"चला, सगळे चला. कोणी मागे राहू नका."

म्हणून झाल्यावर तिला कळलं, आपण काय म्हणालो ते.

मागे बोळात अगदी शांत होतं.

मग एक पाऊल वाजलं...

मग दुसरं.

मग इतकी, की मोजता येईनात.

अनवाणी पावलं होती. दगडावर घासत चालणारी. मागे बघायचं नव्हतं. बघितलं असतं तर लेकरू हातातून गेलं असतं. ती चालत राहिली. वॉचमनसमोरून गेली. त्याने तिच्याकडे पाहिलं, मग तिच्या मागे पाहिलं, आणि भिंतीला चिकटून वाट करून दिली.

पुढच्या आठवड्यात त्याने नोकरी सोडली.

इकडे मी घरी होतो. साडेसहा वाजले असतील. नाइदा पाच दिवस पडून होती, ती एकदम उठून बसली. पाच दिवसांनी पहिल्यांदा बोलली.

"आई येतेय."

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू. मी तिचे केस कुरवाळले, म्हटलं हो बाळा, येतेय.

"एवढ्या सगळ्यांना घेऊन येतेय..." ती म्हणाली. "बसणार कुठे?"

मी दाराकडे पाहिलं.

तेवढ्यात मारलेनी आत आली. चेहरा पांढराफटक. तिने स्वेटर पोरीच्या अंगात घातला, तिला छातीशी धरलं. मी दार लावायला गेलो.

दार लागेना.

अडकलं नव्हतं. ढकललं की हातभर जायचं आणि थांबायचं. पुन्हा ढकललं, पुन्हा थांबलं. थंड हवा माझ्या पायांवरून आत येत राहिली. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग दार आपणहून सुटलं आणि हलक्या हाताने लागलं.

त्या रात्री नाइदा दोन वाट्या बटाट्याचं सूप प्यायली. सकाळपर्यंत गाढ झोपली. आठवड्यात गालांवर रंग आला. मारलेनी रडत रडत हसायची, आणि मी बाजारातून फुलं आणून मावशीच्या पाया पडलो.

पण मारलेनीच्या मनात शंका होती. तिने मावशीला सगळं खरं सांगितलं, ते वाक्य धरून.

मावशी भाजी निवडत होती. तिचे हात थांबले. ती म्हणाली, आलेल्यांना परत नेता येतं. तोच स्वेटर घेऊन जायचं, तिथे ठेवायचा, राहा म्हणायचं. पण राहा म्हटलं की सगळेच राहणार. लेकरूसुद्धा.

मग तिने विचारलं, "स्वेटरात पहिलं कोण शिरलं? पाहिलंस?"

"मागे बघायचं नाही, तूच म्हणालीस ना."

"हो," मावशी म्हणाली. "बघायचं नसतंच."

मारलेनीने स्वेटर परत नेला नाही. कुठल्या आईने नेला असता?

पोर चांगली आहे. शाळेत जाते. हसते, खेळते. पण मारलेनी मला कधीकधी सांगायची, अगदी हळू आवाजात, पोर घरात असली की बाहेर अंगणात येऊन सांगायची. आधी नाइदा झोपेत आईच्या पोटावर पाय टाकायची. आता सरळ झोपते, हात अंगाशी लावून, सकाळपर्यंत हलत नाही. आधी कांदा वेचून बाजूला काढायची. आता कच्चा खाते. हाक मारली की ओ देते, पण ओ यायला जरा वेळ लागतो.

"लेकरं बदलतात गं," मी म्हणायचो.

"हो," ती म्हणायची. "बदलतात."

काम तर सोडता येत नाही. चार दारांचं घर तिच्या वाटेवरच आहे. ती बोळात जात नाही. पाहुण्यांना आत पाठवते, स्वतः तोंडाशी उभी राहते. ते बाहेर आले की गोंडा वर करते, तोंडाने काही बोलत नाही.

मागच्या महिन्यात, भर दुपारी, असेच पाहुणे बाहेर आले. मारलेनी सगळ्यांच्या मागे होती. निघायला वळली...

आतून आवाज आला.

रडू दाबून लहान मूल बोलतं, तसा.

"आई, सगळ्यांना नेलंस. मला कधी नेणार?"

ती थांबली नाही. तिने मागे पाहिलं नाही. चौदा पायऱ्या उतरून माझ्या शेजारच्या सीटवर येऊन बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांमधे दाबून धरले. पाहुणे उतरल्यावरच तिने मला सांगितलं.

"आवाज तिचाच होता," ती म्हणाली. "मी आई आहे. मला कळतं."

मी म्हणालो, भास असेल. त्या जागेला काय, कोणाचाही आवाज काढेल. तिला फसवून बोलवत असेल. हे सगळं मी बोललो, आणि बोलताना माझाच माझ्यावर विश्वास नव्हता.

तिच्या घरी पोचलो तर पोर दारात उभी होती. आईला पाहून धावत आली, कमरेला मिठी मारली. मारलेनीचे हात वरच्या वर राहिले. मग तिने ते हळूच पोरीच्या डोक्यावर ठेवले. जवळ घेतलं. पापे घेतले.

नाव मात्र घेतलं नाही.

त्या दिवसापासून त्या घरात ते नाव कोणीच घेत नाही. पोरीने अजून विचारलेलं नाही, का म्हणून. घेतलं तर ओ कुठून येईल, हे आम्हाला ऐकायचं नाहीये.

मीसुद्धा घेत नाही. वर लिहिलंय ते तिचं खरं नाव नाही.