टाकी भरलेली, जनरेटर बंद

सकाळी आठ वाजता तपासबाईंच्या दारात जो गृहस्थ उभा राहिला, त्याच्या हातात एक बंद लिफाफा होता. लिफाफ्याच्या चारही कोपऱ्यांना लाल लाख लावलेली होती.

"मला माझ्या जावयाविरुद्ध पुरावा हवाय," उंबरठ्यातूनच तो म्हणाला. "आज चारच्या आत. तुमची फी या लिफाफ्यात आहे."

तपासबाईंनी वीस वर्षं विमा कंपनीसाठी खोटे दावे पकडले होते आणि आता त्या घरूनच खाजगी तपासाची कामं घेत. त्यांचे यजमान पोस्टाच्या पार्सल विभागातून निवृत्त झाले होते. अख्खी आळी त्यांना नुसतं 'मिस्टर' म्हणायची. मिस्टरांची त्याला हरकत नव्हती. गुन्हेगार कोण हे त्यांना दर वेळी बाईंच्या आधी कळायचं. फक्त तो दर वेळी दुसराच कुणीतरी निघायचा.

"वा! काय लाख लावलीय!" मिस्टर लिफाफा उलटसुलट करत म्हणाले. "हल्ली पोस्टातसुद्धा एवढी सफाई दिसत नाही."

गृहस्थ जरा फुलला. "कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्टोअरकीपर होतो. चौतीस वर्षं. माझ्या स्टोअरमधून थेंब सांडला नाही की उडाला नाही."

"आणि जावयानं काय केलं?" बाईंनी विचारलं.

स्टोअरकीपर खुर्चीत बसला आणि घडाघडा बोलू लागला. घर दोन मजली. खाली तो आणि त्याची बायको, वर लेक आणि जावई. वीज दिवसाआड जायची. नव्या जनरेटरच्या किमती ऐकून त्याचे डोळे पांढरे झाले, तेव्हा जावई म्हणाला, एक फोटो स्टुडिओ बंद होतोय, त्यांचा छोटा पेट्रोलवरचा जनरेटर स्वस्तात मिळेल. जावयानं तो आणला, जोडूनही दिला.

"पहिले आठ दिवस लोण्यासारखा चालला. आणि मग सुरू झालं! वीज गेली की लावायचा, पाच मिनिटांत बंद. झाकण उघडून बघावं तर टाकी भरलेली! परत दोरी ओढली की सुरू. परत पाच मिनिटांत बंद. म्हणजे जावयाला ठाऊक होतं. भंगार माल आठ दिवसांपुरती डागडुजी करून माझ्या गळ्यात मारला."

"तसं त्यांना म्हणालात?"

"तोंडावर म्हणालो. शेजारीपाजारी ऐकत होते. आता दोघं घर सोडून निघालेत. चार वाजता टेम्पो येतोय." त्याचा आवाज थोडा खाली आला. "माझं म्हणणं खरं ठरलं तर निदान लेकीला तरी कळेल, बाप उगाच बोलला नाही."

"आणि खोटं ठरलं तर?"

स्टोअरकीपर उठून चपला घालू लागला.

घर चार गल्ल्यांपलीकडे होतं. मागच्या अंगणात, खिडक्यांपासून चांगला लांब, पत्र्याच्या छपराखाली जनरेटर ठेवलेला होता. खाली रबराचे तुकडे, वायर नळीतून नेलेली. पितळेचं भांडं घासूनपुसून ठेवावं तसं ते मशीन लखलखत होतं. मिस्टर नाकाला रुमाल लावूनच गेले होते, कारण पेट्रोलचा वास आला की त्यांचं डोकं उठायचं. पण दोन मिनिटांनी त्यांनी रुमाल खिशात टाकला.

"कमाल आहे. अजिबात त्रास नाही झाला."

बाईंनी एकदा त्यांच्याकडे आणि एकदा मशीनकडे पाहिलं. टाकीच्या झाकणावर मधोमध टिकलीएवढा लाल ठिपका होता.

"कंपनीची खूण दिसतेय," मिस्टर म्हणाले.

"आठ दिवसांनंतर यात काही बदललंत?" बाईंनी स्टोअरकीपरला विचारलं.

"काही नाही हो. उलट जिवापाड जपलंय."

स्वयंपाकघरात स्टोअरकीपरच्या बायकोनं चहा टाकला. पण चहाला वेळ लागला. साखरेच्या डब्याला आधी चिकटपट्टी, मग झाकण, झाकणाखाली प्लास्टिक आणि प्लास्टिकला रबर.

"मुंगीची काय बिशाद," ती कसंनुसं हसली. मग पदरानं डोळे टिपून हळूच म्हणाली, "बाई, पुरावा मिळो न मिळो, माझी लेक वरच राहू दे. तिच्या पावलांचा आवाज आला नाही तर मला घरात करमायचं नाही."

"मशीन किती वेळ चालतं, हे कधी पाहिलंत का?"

"पाहिलंय की. फ्रिजमध्ये दूध असतं ना, जीव टांगणीला लागतो. गंमत म्हणजे टाकी काठोकाठ भरली की पाच मिनिटं चालतं. अर्धी असली की सात-आठ. तळाला थोडंसंच असलं की चक्क दहा!"

"पेट्रोल कमी तर जास्त चालतं?" मिस्टर हसले. "काकू, उलटं झालं असेल."

"मिनिटं मोजता येतात मला," काकू म्हणाल्या. मिस्टर चहात बघू लागले.

कुंपणापलीकडे गाण्याच्या बाई राहत. त्यांच्या शिकवणीची खिडकी याच अंगणावर उघडायची. जनरेटर म्हणताच त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"मी बंद पाडते असं म्हणतात का ते? मनात खूपदा आलंय! दहा मुली सूर लावून बसल्या की याची घरघर सुरू. पण मी हात लावलेला नाही."

मिस्टरांनी बाईंना कोपर मारलं. त्यांचा गुन्हेगार सापडला होता.

"बंद पडल्यावर काय होतं, ते इथून ऐकू येतं?" बाईंनी विचारलं.

"सगळं. ते गृहस्थ पुटपुटत येतात. झाकण फिरवतात. सुस्स होतं. मग आत डोकावतात, झाकण लावतात, दोरी ओढतात आणि पुन्हा माझ्या डोक्यावर मिरे वाटायला सुरुवात."

"सुस्स म्हणजे? वाफ सुटल्यासारखं?"

"छे. आयुष्यभर मुलींना श्वास शिकवतेय मी. सोडलेला वेगळा, घेतलेला वेगळा. ते मशीन श्वास घेतं. बुडता माणूस वर येऊन घेतो ना, तसा."

वरच्या मजल्यावर खोकी बांधून तयार होती. जावई जमिनीवर बसून पुस्तकांना सुतळी गुंडाळत होता. लेक कपडे बॅगेत घालत नव्हती, आपटत होती.

"बाबांनी हात लावू नका म्हटल्यापासून मी त्या मशीनजवळ गेलेलो नाही," जावई म्हणाला. त्यानं खिशातून घडी घातलेला कागद काढला. "हे बघा. फ्रिज, दोन पंखे, सहा दिवे. एवढाच भार. इस्त्री आणि गीझर लावायचे नाहीत. लाइनमधली वीज आणि जनरेटरची वीज एकत्र येऊ नये म्हणून वायरमनकडून वेगळा स्विच बसवून घेतला. आठ दिवस सलग दोन-दोन तास चालला तो."

"मग काय झालं?"

"मला काय माहीत? बघूच दिलं नाही. सरळ खोटारडा म्हणाले." त्यानं सुतळीची गाठ करकचून आवळली. "खोटारडा ठरून कुणाच्या घरात कसं राहायचं, बाई?"

जिना उतरताना मिस्टर कुजबुजले, "माझं मत बदललं. हाच. फारच साळसूद वाटतो."

"अहो, तुमचं एक मत तरी दुपारपर्यंत टिकू द्या," बाई म्हणाल्या.

शेवटचा नंबर, जनरेटर ज्याला दाखवला होता त्या मेकॅनिकचा. त्याच्या गॅरेजात भिंतीवरच्या खिळ्याला पेट्रोलची बाटली टांगलेली होती आणि तिच्यातून एक बारीक नळी खाली आली होती.

"त्या काकांचं मशीन? दोनदा आणलं. दोन्ही वेळा दोन तास चालवलं, खणखणीत! काही खोट नाही."

"टाकीतल्या पेट्रोलवर?"

"नाही हो. लोक टाकीत काय काय भरून आणतात, कचरा, पाणी. टाकीची नळी काढायची, आपल्या बाटलीची लावायची. आमच्याकडे सगळी मशीनं अशीच तपासतो."

बाईंनी घड्याळ पाहिलं. सव्वातीन. "चला," त्या म्हणाल्या. "कोडं सुटलं."

साडेतीनला सगळे अंगणात जमले. गाण्याच्या बाई कुंपणावरून वाकून बघत होत्या. जावई हाताची घडी घालून लांब उभा होता. बाईंनी स्विच जनरेटरकडे वळवायला सांगितला आणि स्टोअरकीपरनं दोरी ओढली. मशीन घरघरलं, स्वयंपाकघरातला दिवा लागला. पाचव्या मिनिटाला इंजिन ठसकलं आणि थांबलं.

"बघा!" स्टोअरकीपर ओरडला. "भंगार!"

"गरम इंजिनावर टाकी उघडायची नसते. ते गार होईपर्यंत मी बोलते," बाई म्हणाल्या. "पहिलं, मशीन मेकॅनिककडे दोन-दोन तास चालतं. म्हणजे इंजिन चांगलं आहे. पण तिथं ते बाटलीवर चालतं. टाकीवर ते फक्त इथं चालतं. म्हणजे दोष टाकीत."

"कुणीतरी काहीतरी टाकलं असणार!" मिस्टर म्हणाले.

"मग परत सुरू झालं नसतं. दुसरं, काकूंची मिनिटं. टाकी जेवढी भरलेली, तेवढं मशीन लवकर बंद. पेट्रोल खाली उतरतं तेव्हा त्याची जागा घ्यायला वरून हवा यावी लागते. हवा आली नाही, तर पेट्रोल आतच अडकतं. टाकी अर्धी असली की आतली जुनी हवा थोडी ताणली जाते, तेवढंच जास्त चालतं. भरलेल्या टाकीत हवाच नाही, तर ताणणार काय?"

काकूंनी मिस्टरांकडे पाहिलं. मिस्टरांनी आकाशाकडे पाहिलं.

"तिसरं, झाकण उघडलं की टाकी श्वास घेते. ही साक्ष ज्यांचा कान कधी चुकत नाही त्यांची." गाण्याच्या बाईंनी मान ताठ केली. "आणि चौथं, आमच्या मिस्टरांचं डोकं दुखलं नाही. भरलेल्या टाकीशेजारी उभं राहून! म्हणजे टाकीतून वाससुद्धा बाहेर येत नव्हता. अशा टाकीच्या झाकणाला मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं, हवा आत जायला. ते कुणीतरी बुजवलंय."

"कुणी?" स्टोअरकीपर जावयाकडे वळला.

"ज्यानं चौतीस वर्षं एक थेंब उडू दिला नाही, त्यानं."

स्टोअरकीपर झाकणावरच्या लाल ठिपक्याकडे बघत राहिला.

"लिफाफ्यावरची लाख आणि ही लाख एकच आहे," बाई म्हणाल्या.

"वास येत होता," तो पुटपुटला. "नवव्या दिवशी पुसताना भोक दिसलं. मला वाटलं, जुना माल, झाकण फुटकं आहे. पेट्रोल उडून जाईल. म्हणून... मी तर जपत होतो हो."

"ते दिसतंच आहे," बाई मऊ आवाजात म्हणाल्या.

त्यांनी टाकीचं झाकण काढलं, केसांतल्या आकड्यानं लाख खरवडून भोक मोकळं केलं, झाकण परत घट्ट लावलं आणि दोरी जावयाच्या हातात दिली. जावयानं सासऱ्याकडे पाहिलं. सासऱ्यानं मान हलवली. एका हिसक्यात मशीन सुरू झालं. पाच मिनिटं झाली, दहा झाली, पंधरा झाली. काकू घड्याळावरून नजर काढेनात.

पुढच्या रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

स्टोअरकीपर जावयासमोर येऊन उभा राहिला. घरघर इतकी होती की त्याला ओरडूनच बोलावं लागलं, आणि त्यामुळे शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुन्हा एकदा सगळं ऐकू गेलं.

"मी चुकलो! तुम्ही खोटारडे नाही, मी मूर्ख! जाऊ नका!"

जावई त्याच्या कानाशी वाकून म्हणाला, "बाबा, भोक दिसलं त्या दिवशी मला एकदा विचारलं असतंत तर?"

"तेच तर," म्हातारा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते. "पुरावा शोधायला चार गल्ल्या चालत गेलो. तुम्हाला विचारायला अकरा पायऱ्या चढलो नाही."

लेक तोवर रडायला लागली होती आणि रडताना हसतही होती. जावयानं सासऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"मग आता चढा. वर सहा खोकी आहेत, सोडायला माणूस हवाय."

दोघं जिन्याकडे वळायच्या आत काकू फाटकापाशी पोचल्या होत्या. "टेम्पो परत न्या हो!" त्या मोठ्यानं म्हणाल्या. "आमच्याकडचं कुणी कुठं जात नाही!"