अध्याय अर्धा सोडू नये

नीळकंठराव पडले निवृत्त कारकून, गोष्टी लिहायचा नाद. लेकीकडे यवतमाळला जाताना दिग्रसच्या घराची किल्ली शेजारी नंदाबाईकडे देऊन गेले.

"वहिनी, कुंड्यांले पाणी घाला. टेबलाले तेवढा हात लावू नका."

आता नंदाबाईला असं सांगावं का माणसानं?

दुपारी खाटेला खिळलेल्या नवऱ्याला, बाबारावांना, पेज भरवून ती तिकडं गेली. दोन्ही घरांत भिंत एकच, त्यांची हाक ऐकू येतेच. बंद घरात कापराचा वास कोंडला होता. कुंड्या झाल्या, मग टेबल. टेबलावर वही. नंदाबाई सातवी शिकलेली, वाचणं सगळं पोथीचं. मोठ्यानं म्हटल्याशिवाय तिला वाचताच येत नसे.

"भिंतीपलीकडे म्हाताऱ्याच्या हातून पेला पडला."

पलीकडे पेला पडला. घरंगळत गेला.

"काय झालं हो?"

"नंदे... पाणी दे वं."

ती उठलीच होती. पण डोळे पुढं सरकले, अन् तोंडानं म्हटलं, "कोणी आले नाही. त्याने स्वतःच पाणी घेतले. ते घशात अडकले."

खोकला सुरू झाला. वही टाकून ती धावली. पाठ चोळली, डॉक्टरला फोन केला, येतो म्हणाला. बाबारावांचा चेहरा काळानिळा, डोळे तिच्यावर. जीव ना जाई ना राही. तासभर कोणी असं खोकतं का?

अध्याय अर्धा सोडला की त्यातला जीव तिथंच अडकून राहतो, सासूनं शिकवलं होतं. पुढं सुटका लिहिली असेल... ती परत गेली.

"मग खोकला थांबला," तिनं वाचलं अन् वहीला हात जोडले.

भिंतीपलीकडे शांत झालं. फारच शांत.

तेरवीनंतर नीळकंठराव भेटायला आले.

"भाऊजी, असं काहून लिहिलं तुम्ही?"

ते बिचारे घरी जाऊन वहीच घेऊन आले. पानावर पेल्याची एकच ओळ. खाली सगळं कोरं.

"पुढचं मले सुचलंच नाही, वहिनी. पाहा ना."

नंदाबाईनं वही मांडीवर घेतली. कोऱ्या पानावर बोट ठेवलं. बोट सरकू लागलं, ओठ हलू लागले.

नीळकंठरावांना ठसका लागला.

"वहिनी... पाणी..."

नंदाबाईनं मान वर केली नाही. तिचा अध्याय अर्धा होता.